संगणकासमोरचे डोळे : थकवा कशाने येतो आणि कसा टाळावा

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या पहिल्या काही तुकड्यांतील विद्यार्थी शिक्षक झाले, तलाठी झाले, एस. टी.त वाहक झाले, कोणी बँकेत कारकून झाले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील तुकड्यांचा कल निराळा आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत काम करणारे आमचे माजी विद्यार्थी आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेले नाहीत. कोणी गावाकडे महा ई-सेवा केंद्र चालवितो, कोणी जिल्हा परिषदेत माहिती भरण्याचे काम करतो, कोणी सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ज्यांच्या आईवडिलांच्या हाती खुरपे, पाटी किंवा घमेले होते, त्या मुलांच्या हाती कळफलक आला, ही गोष्ट लहान नाही. परंतु खुरप्याने पाठ धरते तसे या कामाने डोळे धरतात, हेही तितकेच खरे. स्नेहमेळाव्यास आलेली ही मुले एकमेकांशी बोलताना ज्या तक्रारी करतात, त्यांत डोळ्यांची तक्रार हमखास असते. सायंकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ जड होते, अक्षरे एकात एक मिसळू लागतात, आणि कंपनीतून बाहेर पडल्यावर समोरून येणाऱ्या पीएमपी बसची पाटी काही क्षण धूसर दिसते. हे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. इतिहास शिकविणारा शिक्षक जेवढे वाचून, पारखून आणि वर्गात वापरून सांगू शकतो तेवढेच येथे सांगितले आहे.

इतिहासापासूनच आरंभ करतो. डोळ्यांचा हा थकवा संगणकाने जन्माला घातलेला नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या धंद्यांतील माणसे कोणत्या कामाने कोणत्या व्याधीस बळी पडतात, याचा इतका पद्धतशीर विचार त्यापूर्वी क्वचितच कोणी केला असेल. सोनार, घड्याळजी अशा बारीक काम करणाऱ्यांच्या डोळ्यांविषयी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे; १७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत त्याने मुद्रणालयातील कामगार आणि लेखनिक यांचीही भर घातली. बारीक काम करणाऱ्यांनी चष्मा वापरावाच, पण मान खाली घालून नजर एकाच वस्तूवर रोखून बसण्याची सवय सोडावी, मधूनमधून काम बाजूला ठेवून इकडेतिकडे पाहावे, असा त्याचा सल्ला आहे. तीनशे वर्षांनंतर आजचे नेत्रतज्ज्ञ जे सांगतात, त्याचा गाभा याहून वेगळा नाही.

आपल्या पुणे शहरालाही हा थकवा जुनाच परिचित आहे. चित्रशाळा, आर्यभूषण यांसारख्या छापखान्यांत शिशाचे खिळे जुळविणारे कामगार दिवसभर उलटी अक्षरे वाचीत उभे असत. देवनागरीचे जोडाक्षरांसह शेकडो खिळे, खोक्याचे बारीक कप्पे आणि वर अपुरा उजेड. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांवर ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले, त्या संशोधकांच्या डोळ्यांविषयी तर काही बोलावयासच नको. मोडीचे एखादे वळणदार पत्र अर्धा तास वाचून पाहावे म्हणजे समजेल. मात्र या जुन्या कामांत आणि आजच्या कामात एक भेद आहे आणि तो आमच्या मते फार महत्त्वाचा आहे. जुन्या कामाच्या पोटातच विश्रांती दडलेली होती. खिळे जुळविणारा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्याकडे हात नेई, तेव्हा त्याची मान आणि नजर फिरे. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की घंटी वाजे, दांडा ढकलावा लागे, पान संपले की कागद बदलावा लागे, चूक झाली की खोडून दुरुस्त करावी लागे. कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यावयाचा तर उठावे लागे. संगणकाने हे सगळे अडथळे दूर केले. काम वेगवान झाले, परंतु त्या अडथळ्यांबरोबर डोळ्यांना मिळणारे छोटे छोटे विसावेही गेले. यापुढील सर्व उपाय म्हणजे ते गमावलेले विसावे परत मिळविण्याची खटपट आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आता डोळ्यात नेमके काय घडते ते पाहू. डोळ्यातील भिंग लवचीक असते. त्याच्याभोवती वर्तुळाकार स्नायू असतो. दूरची वस्तू पाहताना हा स्नायू सैल असतो. जवळची वस्तू पाहावयाची तर तो आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर स्पष्ट उमटते. सुमारे सहा मीटर, म्हणजे वीस फुटांच्या पलीकडे पाहताना या स्नायूस जवळजवळ काहीच श्रम पडत नाहीत. अंतर जसजसे कमी होते तसतसे श्रम वाढतात, आणि अंतर निम्मे केले की श्रम दुप्पट होतात. सहासष्ट सेंटिमीटरवरील पडद्यासाठी डोळ्याला सुमारे दीड डायॉप्टर इतके जोर लावावे लागते. तेहतीस सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी तीन डायॉप्टर. याखेरीज दोन्ही डोळे आत, नाकाच्या दिशेने वळवून एकाच बिंदूवर जुळवावे लागतात, तो श्रम वेगळाच. पाण्याने भरलेली कळशी क्षणभर उचलणे अवघड नाही. ती हात लांब करून तासभर धरून ठेवणे अवघड आहे. सहा-सात तास आकुंचित राहिलेला स्नायू एकदम सैल होत नाही, म्हणूनच काम संपवून बाहेर पडल्यावर बसची पाटी काही वेळ अस्पष्ट दिसते.

दुसरे कारण पापणीचे आहे आणि चुरचुरण्याचे मूळ बहुधा तेथे असते. डोळ्यावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर पसरलेला असतो. त्यात आत श्लेष्मल, मध्ये पाण्याचा आणि वर तेलकट असे पदर असतात; तेलकट पदरामुळे पाणी चटकन उडून जात नाही. प्रत्येक वेळी पापणी मिटली की हा थर नव्याने सारविला जातो. गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहू लागला की हे प्रमाण पाच-सातपर्यंत खाली येते, शिवाय कित्येकदा पापणी पुरती मिटतही नाही. सारवण वेळेवर न झालेल्या अंगणासारखी डोळ्याची गत होते. जागोजागी तो कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो, आणि गंमत अशी की कोरड्या डोळ्यातूनच पुष्कळदा पाणी वाहू लागते. चुरचुरीमुळे डोळा घाईघाईने जे पाणी सोडतो त्यात तेलकट अंश पुरेसा नसतो, म्हणून ते टिकत नाही. पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, हा समज चुकीचा आहे.

येथे पालकांच्या भीतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. संगणकाने डोळे जातात, ही समजूत आमच्या वस्त्यांमधून अजून पक्की आहे. एका पालकांनी आपल्या मुलीला एमएस-सीआयटीच्या वर्गातून काढण्याचा निश्चय केला होता, कारण वर्गातून आली की तिचे डोके दुखत असे. त्याच घरातील मुलगा रोज त्याहून अधिक वेळ मोबाइलवर खेळत असे. त्याच्या डोळ्यांची चिंता मात्र कोणाला नव्हती. मुलीची तपासणी झाली तेव्हा तिला लहानपणापासूनच वक्रदोष, म्हणजे ज्याला सर्वसाधारण लोक सिलिंडरचा नंबर म्हणतात तो, असल्याचे आढळले. चष्मा लागला, डोकेदुखी थांबली, अभ्यासक्रम पूर्ण झाला. संगणकाने तिचे डोळे बिघडविले नव्हते. आधीपासून असलेला दोष संगणकाने उघड केला होता. चष्मा लागल्याने मुलीचे लग्न अडेल, हे भय त्या घरातही बोलून दाखविले गेले. या भयापायी कित्येक मुली फळ्यावरील अक्षरे अंदाजाने वाचीत शाळा संपवितात आणि ‘अभ्यासात मंद’ असा शिक्का घेऊन बाहेर पडतात, हे शिक्षक म्हणून आम्ही पाहिले आहे.

तेव्हा हे स्पष्ट असावे की प्रौढ माणसाच्या डोळ्यांस संगणकाच्या कामाने येणारा थकवा हा थकवाच असतो. विश्रांतीने तो जातो, आणि त्याने डोळ्याला कायमची इजा होते असे आढळलेले नाही. मुलांच्या बाबतीत मात्र एक पुस्ती जोडावी लागेल. वाढत्या वयात सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वेळ घालविणे यांचा ऱ्हस्वदृष्टीशी, म्हणजे दूरचे अंधुक दिसण्याशी, संबंध असल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील मुलांना शाळेच्या दिवशी रोज चाळीस मिनिटे अधिक मोकळ्या जागेत नेले गेले. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ऱ्हस्वदृष्टी आली, तर इतर शाळांतील मुलांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. औषध नाही, खर्च नाही, केवळ उन्हाचा उजेड. वसतिगृहात सायंकाळी मैदानावर जाण्याची सक्ती का असे, असे विचारणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आता याहून चांगले उत्तर देता येईल.

उपायांत पहिला मान बैठकीचा. पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर असावा. खुर्चीत टेकून बसून हात पुढे केला असता बोटांची टोके पडद्याला जेमतेम लागावीत. माप घेतले तर हे अंतर पन्नास ते सत्तर सेंटिमीटर भरते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली असावी, म्हणजे नजर सहजच थोडी खाली झुकते. खाली झुकलेल्या नजरेत पापण्या अर्ध्या उतरलेल्या असतात आणि डोळ्याचा कमी भाग हवेला उघडा राहतो. जुन्या कचेऱ्यांत आडव्या सीपीयूवर मॉनिटर चढवून ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे मान वर करून, डोळे विस्फारून पाहावे लागे. मान आणि डोळे दोन्ही दुखत. लॅपटॉपची गोष्ट उलट आहे, त्याचा पडदा फार खाली राहतो आणि माणूस त्यावर ओणवा होत जवळ जवळ जातो. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके आणि वेगळा कळफलक, एवढ्याने काम भागते. जाड पुस्तकांची आपल्या घरांत वाण नाही.

कागद पाहून माहिती भरावयाची असेल तर कागद टेबलावर सपाट न ठेवता पडद्याच्या बाजूला, त्याच अंतरावर, उभा ठेवावा. अन्यथा दर ओळीला डोळ्यांना दोन अंतरांमध्ये येरझारा घालाव्या लागतात. महा ई-सेवा केंद्र चालविणाऱ्यांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे, कारण त्यांचे सारे काम अर्ज पाहून भरण्याचे असते. पुठ्ठा आणि चिमटा एवढे साहित्य त्यासाठी पुरते.

उजेडाची मांडणी बहुतेक ठिकाणी चुकलेली असते. खिडकी पाठीमागे असली की तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. समोर असली की प्रखर उजेड थेट डोळ्यांत जातो. ती डाव्या किंवा उजव्या बाजूस असावी. छतावरील नळीदिवा पडद्यात चमकत असेल तर पडद्याचा कोन थोडा बदलावा. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशी मिळताजुळता असावा. एक साधी कसोटी आहे: पडद्यावरील पांढरे पान दिव्यासारखे झगझगीत वाटत असेल तर उजेड कमी करावा, मळकट राखाडी वाटत असेल तर वाढवावा. अंधाऱ्या खोलीत एकटा पडदा लावून बसणे सर्वांत वाईट, कारण नजर पडद्यावरून हलताच डोळ्यातील बाहुलीला मिटण्या-उमलण्याची कसरत करावी लागते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वाचणे चांगले, असे तरुण मंडळी सांगतात. ज्यांना ते सोयीचे वाटते त्यांनी खुशाल वाचावे. मात्र वक्रदोष असलेल्या पुष्कळांना अशी अक्षरे पसरट दिसतात, आणि उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर काळे हीच जुनी रीत डोळ्यांना सुखाची जाते.

अक्षरांच्या आकाराविषयी मराठी वाचकांना अधिक सांगावे लागते. रोमन अक्षरे एका पट्टीत बसतात. देवनागरीत मात्र वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा तीन मजली संसार असतो. ज्या आकारात इंग्रजी मजकूर सुखाने वाचता येतो त्याच आकारात मराठी ठेवला की ‘कु’ आणि ‘कृ’ ओळखण्यासाठी पडद्याकडे झुकावे लागते. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह ही दोन बटणे एकत्र दाबली की पान मोठे होते. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षे संगणकावर काम करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते, आणि मग ती माणसे अक्षर मोठे करण्याऐवजी स्वतः पुढे सरकतात. पुढे सरकले की अंतर घटते, अंतर घटले की श्रम वाढतात. हिशेब वर दिलाच आहे.

वातानुकूलित कचेरीतील हवा कोरडी असते. तिचा झोत किंवा टेबलावरील पंख्याचा वारा थेट तोंडावर येऊ देऊ नये. पुण्याचा उन्हाळा मुळात कोरडा. त्यात असा वारा म्हणजे अश्रूंचा थर वाळविण्याचीच सोय.

विश्रांतीचा जो नियम आता सर्वतोमुखी झाला आहे तो वीस-वीस-वीसचा. अमेरिकेतील दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी तो १९९०च्या दशकात सुटसुटीत करून मांडला. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडील वस्तूकडे, वीस सेकंद पाहावे. आकडे लक्षात राहावेत म्हणून सारखे घेतलेले आहेत. पंचवीस मिनिटांनी अर्धा मिनिट पाहिले तरी काही बिघडत नाही. पेठेतील दहा बाय दहाच्या खोलीत वीस फूट आणावयाचे कोठून, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीवरील पाण्याची टाकी पाहावी, वाड्याच्या चौकातील झाड पाहावे. काहीच नसेल तर डोळे शांतपणे मिटून घ्यावेत. त्याने अश्रूंचा थर तरी सावरतो. त्या वीस सेकंदांत मोबाइल उघडणे याला विश्रांती म्हणत नाहीत. याच वेळी दहा-बारा वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात, सावकाश, घट्ट न आवळता. आणि टेबलावर पाण्याचा मोठा तांब्या न ठेवता लहान पेला ठेवावा. पेला रिकामा झाला की उठावे लागते, उठले की नजर फिरते. टंकलेखन यंत्राच्या घंटीचे काम हा पेला करतो.

चष्म्याविषयी चाळिशी ओलांडलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. आपल्या भाषेने या वयाला आणि त्या चष्म्याला एकच नाव दिले आहे. भिंगाची लवचीकता कमी झाल्यामुळे जवळचे दिसत नाही, म्हणून दोन भागांचा चष्मा घेतला जातो. त्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी, म्हणजे पस्तीस-चाळीस सेंटिमीटरसाठी बनविलेला असतो आणि वरचा दूरसाठी. संगणक या दोहोंच्या मध्ये, साठ-पासष्ट सेंटिमीटरवर. मग मनुष्य हनुवटी वर करून, खालच्या काचेतून पडदा न्याहाळीत पुढे वाकतो, आणि सायंकाळी मानेला मलम चोळीत बसतो. आमच्या वयाच्या शिक्षकांना शासनाच्या संकेतस्थळांवर माहिती भरताना हे दृश्य अपरिचित नसावे. जे रोज तासन्‌तास संगणकावर काम करतात त्यांनी केवळ त्या अंतरासाठी वेगळा, साधा, एकाच नंबराचा चष्मा करून घेणे उत्तम.

निळ्या प्रकाशापासून रक्षण करणाऱ्या काचांचा बाजारात मोठा बोलबाला आहे आणि त्यासाठी जास्तीचे पैसे घेतले जातात. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अशा काचांवरील सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी संगणकामुळे येणारा थकवा, निदान अल्पकाळात, कमी होतो असे त्यातून दिसले नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या मानाने अगदी थोडा असतो. रात्री उशिरापर्यंत झगझगीत पडदा पाहिल्याने झोप लांबते, हे खरे आहे; पण त्यावर काच हा उपाय नसून पडदा वेळेवर बंद करणे हा आहे. पहिल्या पगारात महागडी काच घेऊ पाहणाऱ्या मुलांनी ते पैसे नंबराच्या नीट तपासणीसाठी खर्च करावेत.

घरगुती उपचारांबद्दल आमचे मत कठोर आहे. मध, कांद्याचा रस, लिंबू, कोणी दिलेला अंजनाचा गोळा यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. स्वच्छ थंड पाण्याची पट्टी मिटलेल्या पापण्यांवर ठेवली तर बरे वाटते, तेवढे पुरे. गाजर खाऊन संगणकाचा थकवा जात नाही. अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्यांसाठी ते हितकर आहे, ती गोष्ट निराळी. डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणणे तर याहून धोक्याचे. त्यांपैकी काहींमध्ये स्टेरॉइड असते. त्याने लाली झटपट जाते, म्हणून माणूस ते पुन्हा पुन्हा घालतो, आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. थकव्याने डोळे जात नाहीत, पण थकव्यावरच्या चुकीच्या औषधाने जाऊ शकतात. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. तेही डॉक्टरांस विचारून घ्यावेत.

आता जी गोष्ट एकट्या व्यक्तीच्या हाती नाही तिच्याविषयी. वीस मिनिटांनी नजर फिरवा, हे सांगणे सोपे आहे. परंतु ज्याच्या कळफलकावरील प्रत्येक ठोका मोजला जातो आणि खुर्चीवरून उठल्याची नोंद होते, त्याने ते कसे करावे? युरोपीय समुदायाने १९९० सालच्या निर्देशाने आणि ब्रिटनने १९९२ सालच्या नियमांनी पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी मालकावर काही बंधने घातली. कामात मधूनमधून खंड किंवा कामाचा पालट असलाच पाहिजे, आणि कामगाराने मागितल्यास डोळ्यांची तपासणी व गरज पडल्यास त्या कामासाठीचा चष्मा मालकाच्या खर्चाने मिळाला पाहिजे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या मूळ मसुद्यात पाच तास सलग कामानंतर अर्ध्या तासाची सुट्टी दिलेली आहे. पोटासाठी ती ठीक, डोळ्यांसाठी पाच तास म्हणजे फार झाले. १९४६ साली कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामाच्या तासांचा प्रश्न हा शरीराचा प्रश्न आहे, हे तेव्हा यंत्रमागासमोर जितके खरे होते तितकेच आज पडद्यासमोर खरे आहे. आमचे जे माजी विद्यार्थी आता स्वतः दहा-वीस माणसांकडून काम करून घेतात, त्यांनी तासाला पाच मिनिटांची मोकळीक आपल्या अधिकारात द्यावी. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी, प्रत्येक तक्रार थकव्याच्या खात्यावर टाकू नये. २०२३च्या पावसाळ्यात आळंदी आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात डोळे येण्याची साथ पसरली होती. चिकट स्राव, सकाळी पापण्या चिकटणे, एकापाठोपाठ घरातील सर्वांना लागण, ही त्या संसर्गाची लक्षणे आहेत, संगणकाची नव्हेत. मधुमेह असलेल्यांना रक्तातील साखर वरखाली झाल्यानेही अंधुक दिसते, आणि दृष्टिपटलाची हानी होऊ लागली तरी आरंभी काहीच जाणवत नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने जडावले होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण झाली होती, हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. मधुमेह्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घेतलेच पाहिजे. डोळ्यासमोर एकाएकी वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके अचानक वाढणे, दृष्टीवर पडदा ओढल्यासारखे वाटणे, एकाचे दोन दिसणे, तीव्र वेदनेसह दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

पुण्यात सोयींची वाण नाही. ससून सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे, महंमदवाडीस पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे ह. व. देसाई नेत्र रुग्णालय आहे. शाळकरी मुलांच्या दृष्टिदोषांची तपासणी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंतर्भूत आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. प्रौढांनी तपासणीस जाताना एक लहानशी तयारी करावी. आपल्या नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या पद्धतीने बसून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे आणि डोळ्यांपासून कागदापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून शिंप्याच्या पट्टीने मोजून घ्यावे. रोज किती तास काम करतो आणि त्रास कोणत्या वेळी सुरू होतो, हे त्याखाली लिहावे आणि ती चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवावी. चष्मा त्या अंतराचा मिळतो.